कळांखालचं कुंकू

आश्विनातलं पिवळं ऊन माडीच्या खिडकीतून उतरलं, की मला अक्काची बोटं आठवतात. हळदीनं माखलेली, कीबोर्डवर अलगद टेकलेली. शिवाजी पेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर माझी ही थोरली बहीण संगणकावर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायची. तिच्या टंकनाला संथ, सलग लय होती, आणि खाली स्वयंपाकघरात आई त्या आवाजाच्या सोबतीनं कामं उरकायची. खंडेनवमीला लोक हत्यारं-अवजारं पुजतात, अक्का कीबोर्ड पुजायची. चिमूटभर हळदकुंकू वाहा म्हटलं, की हसून मूठभर वाहायची.

माघात अक्का गेली. यंदा पूजेला माझे हात उठले नाहीत. माडीला कुलूप घालून मी दिवसभर बाहेर राहिलो. दसऱ्यानंतर तिच्यामागं माझ्याकडं आलेल्या पत्रिकांच्या कामाला बसलो, तर मधल्या ओळीतल्या कळा दाबल्या जात होत्या, पडद्यावर मात्र काहीच उमटत नव्हतं. नवा घे म्हणणारे पुष्कळ भेटले. पण तिच्या बोटांनी गुळगुळीत झालेल्या त्या कळा मला टाकवेनात.

भर दुपारी मी एकेक कळ उचकटून काढली. खाली वर्षानुवर्षांचं हळदकुंकू साचून विटकरी झालं होतं. कळा चालायच्या तर ते पुसायलाच हवं होतं, आणि पुसलं की तिच्या हातचं घरात काहीच उरणार नव्हतं. स्पिरिटचा बोळा हातात धरून मी नुसताच बसलो. मग सहज त्या थराला बोट लावलं. वरचं कुंकू ओलं होतं, लालभडक.

मी जिन्यातून विचारलं, "आई, औंदा हितली पूजा तू केलीस काय?"

"मला कुठं जिना चढवतोय रं?" भाकरी थापत ती म्हणाली. "अक्का करती की दरसाली."

आई विसरभोळी नव्हे. अक्काच्या दिवसांचा नैवेद्य तिनंच रांधला होता. आणि माडीची किल्ली तर माझ्या करदोट्याला.

मी रडत रडत सगळं पुसलं, कळा बसवल्या आणि अर्धवट राहिलेली पत्रिका पुढं घेतली. कळा चालू लागल्या. माझी बोटं नेहमी अडखळणारी. पण उमटणारा आवाज संथ होता, सलग होता.

"अक्का, जेवाय ये गं," खालून आईनं हाक मारली.

मला भीती वाटली, तरी मी बोटं थांबवली नाहीत. मरण माणसाला एकदाच नेतं. मागं राहिलेल्यांना मात्र, आवाज थांबला की, ते माणूस पुन्हा नव्यानं गमवावं लागतं.