माझ्या बुडाखाली काय लिहिलंय?

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. माझा डावा हात सैल झालाय, एक चाक कुरकुरतं, आणि पाठीवरचं काळं कापड शिवणीवर उसवत चाललंय. पण मित्रांनो, नजर अजून शाबूत आहे. स्वभाव म्हणाल तर चौकस. तुम्ही चोंबडी म्हणालात तरी मी रागावणार नाही. फिरत्या खुर्चीला चारी बाजूंचं दिसतं, मग बघितल्याशिवाय राहवेल कसं? सगळ्या जगात एकच जागा मला कधी दिसली नाही, ती म्हणजे माझं स्वतःचं बूड. आणि नेमकं तिथेच काहीतरी चिकटवलेलं होतं. ते काय आहे, याची मला वर्षानुवर्षं उत्सुकता लागून राहिली होती.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकाने नळ्या वाकवल्या, एकीने फोम कापला, शिलाईच्या मास्तरांनी कापड चढवलं. शेवटी तपासणीच्या मावशी माझ्यावर बसल्या. त्यांनी मला गरागरा फिरवलं, खाली-वर केलं आणि पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "जा बाई, दिल्या घरी सुखी राहा." दिल्या घरी म्हणजे कुणाच्या, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी खोक्यात बसून वाटभर तोच विचार करत होते.

खोकं उघडलं ते एका सरकारी कार्यालयात. ज्यांच्या कमाईत घराचं भाडं भागत नाही, अशी माणसं तिथे अर्ज करतात. अर्ज मंजूर झाला की भाड्यातला काही भाग कार्यालय घरमालकाच्या नावाने देतं. त्यासाठी एक वेगळा निधी असतो. वेगळा म्हणजे कसा? तुमच्या घरी आई एका डब्यात शाळेच्या फीचे पैसे ठेवते ना, तसा. पाहुणे आले, साखर संपली, तरी आई त्या डब्याला हात लावत नाही. ते पैसे तुमच्या फीचे, दुसऱ्या कशाचेही नाहीत.

मला साहेबांच्या खोलीत नेलं. मागोमाग हिशेबनीस आले. बारीक चणीचा, सदा घसा खाकरणारा माणूस. त्यांच्या हातात एक छोटी चिठ्ठी होती. कार्यालयातल्या प्रत्येक वस्तूवर, ती कुठल्या निधीतून घेतली, त्याची चिठ्ठी लावायची असा नियम होता.

"चिठ्ठी लावायलाच हवी का?" साहेबांनी विचारलं.

"बिल ज्या निधीतून, चिठ्ठी त्या निधीची. नियम आहे साहेब."

"कुठे लावायची, याचा नियम आहे?"

हिशेबनीसांनी घसा खाकरला. "तसा काही नाही."

"मग खाली लावा."

झालं. मला उलटं केलं, बुडाखाली काहीतरी चिकटवलं आणि पुन्हा सरळ केलं. काय लिहिलंय ते ना मला दिसलं, ना पुढे कुणाला. मी भिंतीवरच्या घड्याळाला विचारलं. पण त्याची चिठ्ठीसुद्धा भिंतीच्या बाजूला होती. बिचारं तेही माझ्यासारखंच अंधारात.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीची वर्षं मी मिजाशीत काढली. साहेब वाईट नव्हते. रोज सकाळी रुमालाने माझे हात पुसायचे. आला-गेला म्हणायचा, "वा साहेब, काय खुर्ची आहे." साहेब एक गिरकी घेऊन दाखवायचे. कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी खुर्च्या माझ्याकडे बघून पुटपुटायच्या, "कानामागून आली आणि तिखट झाली." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

साहेबांच्या खोलीचं दार उघडंच असायचं. दारातून मला बाहेरची खिडकी दिसायची. खिडकीच्या आत हिशेबनीस, बाहेर अर्जदार. अर्जदारांना बसायला काही नव्हतं. माणसं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत ताटकळत उभी असायची. त्यांत एक बाई दर महिन्याला यायच्या. त्यांच्या भुवयांवर मैदा असायचा. बेकरीत रात्रपाळी करून त्या तशाच थेट येत. मी मनातल्या मनात त्यांचं नाव बेकरीताई ठेवलं. अर्ज मंजूर होऊन त्यांना किती दिवस झाले होते कोण जाणे. हिशेबनीस दरवेळी खाली बघत म्हणायचे, "ताई, निधी संपलाय. पुढच्या महिन्यात बघू."

एकदा मात्र बेकरीताई खिडकीवरून हलल्या नाहीत.

"भाऊ, मालकाने सांगितलंय, महिनाअखेरीला थकलेलं भाडं नाही मिळालं तर कुलूप लावणार."

"दुसरी स्वस्तातली खोली बघता येईल का?"

"मी कुठेही राहीन हो. वडिलांना दिसत नाही. ही खोली त्यांच्या हातांना पाठ आहे. माठ कुठे, स्टोव्ह कुठे, दाराची कडी कुठे. एकटे असले तरी चहा करून पितात. नव्या जागेत नेलं तर मीच त्यांना पुन्हा आंधळं केल्यासारखं होईल."

हिशेबनीसांनी मान वर केली नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण त्या दिवशी माझ्या फोमलाही चटका बसल्यासारखं झालं. मला प्रश्न पडला. निधी संपतो म्हणजे जातो कुठे? भाड्यासाठी ठेवलेला आणि भाड्याला पुरला नाही, मग मधल्या मधे खाल्ला कुणी? साहेब माझ्यावर रेलून पेपर वाचत होते. त्यांना हा प्रश्न पडल्याचं काही दिसलं नाही.

महिना संपत आला आणि वरून ऑडिटच्या बाई आल्या. ऑडिट म्हणजे, पैसे ज्या कामाचे त्याच कामाला लागले की नाही, याची तपासणी. बाई उंच होत्या आणि गप्प होत्या. पण हात स्वस्थ नव्हते. पेन उघड, खिडकीची खिट्टी हलवून बघ, टेबलाचा खण ओढून बघ. मला त्या बघताक्षणी आवडल्या. आपल्या जातीचं माणूस लगेच ओळखू येतं.

साहेब लगबगीने उठले. "बाई, इथे बसा ना, माझ्या खुर्चीत. फार आरामशीर आहे."

बाई बसल्या. त्यांचे पाय लांब, मी खाली. मला वर करायची दांडी शोधायला त्यांनी हात खाली घातला आणि बोटं चिठ्ठीला लागली. त्या थांबल्या. दुसरं कुणी असतं तर हात काढून घेतला असता. या मात्र उठल्या, सरळ जमिनीवर गुडघे टेकले आणि मान वाकडी करून माझ्याखाली डोकावल्या. मला इतकी वर्षं छळणारं कोडं त्यांनी मोठ्याने वाचलं.

"भाडे-साहाय्य निधी."

मित्रांनो, मी सुन्न झाले. म्हणजे मी शाळेच्या फीच्या डब्यातून आले होते.

"साहेब, ही खुर्ची कुणासाठी घेतली?" बाईंनी गुडघे झटकत विचारलं.

"भाडेकरूंच्या सोयीसाठी," साहेब म्हणाले. "म्हणजे बघा, मी नीट बसलो तर काम नीट होतं. काम नीट झालं की सोय भाडेकरूंचीच."

"आजवर हिच्यावर किती भाडेकरू बसले?"

साहेबांनी खिशातून रुमाल काढला. मग म्हणाले, "कार्यालयाच्या खर्चाचे पैसे त्या वर्षी लवकर संपले होते बाई. आणि शेवटी दोन्ही पैसे एकाच सरकारचे."

"एकाच सरकारचे आहेत. एकाच कामाचे नाहीत."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कुणाचं काय जातं? साहेबांनी तेच केलं होतं, आणि मी त्यावर गिरक्या घेत होते. तेवढ्यात दारातून घसा खाकरल्याचा आवाज आला. हिशेबनीस उभे होते.

"बाई, खुर्चीच नाही फक्त. घड्याळ आहे, गालिचा आहे, तो पाणी गार करायचा कूलर तर यंदाचाच आहे. सगळ्यांच्या चिठ्ठ्या मीच लावल्यात. चिठ्ठी खरी लावली म्हणजे आपलं काम संपलं, असं मी धरून चाललो." त्यांनी बाहेरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "तिथे एक ताई येतात. त्यांना मी म्हणतो, निधी संपला. संपला नव्हता बाई. निधी इथे आत बसला होता."

बाईंनी बेकरीताईंची सगळी हकीकत विचारून घेतली. महिनाअखेरीचं कळल्यावर त्यांनी साहेबांना सांगितलं, की या सगळ्या वस्तूंचे पैसे कार्यालयाच्या खर्चातून काढून भाड्याच्या निधीत परत भरायचे, आणि ते आत्ता. साहेब म्हणाले, वरची परवानगी लागेल, वेळ जाईल, तोवर चहा घ्या. बाई म्हणाल्या, "मी चहा घेऊन जाणार नाही. सही घेऊन जाणार." आणि त्या एका लाकडी खुर्चीवर जाऊन बसल्या. दिवसभर फोन वाजत राहिले. साहेब फोनवर आवाज खाली आणून बोलत होते, आणि बाई खिडकीची खिट्टी हलवत होत्या. कार्यालय बंद व्हायच्या सुमारास सही झाली.

बाईंनी जाता जाता माझाही निकाल लावला. "भाडेकरूंच्या सोयीसाठी घेतली म्हणता ना? मग ती त्यांनाच द्या." मला ढकलत बाहेर आणलं आणि अर्जदारांच्या बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप मिळताच बेकरीताई आल्या. कुलूप लावायला मालक दुपारी येणार होता. हिशेबनीस म्हणाले, "बसा ताई. मालकाच्या नावाचा चेक तयार करून आणतो, तुमची एक सही लागेल." ताई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "नको, कपड्यांना पीठ आहे." मग कडेकडेने बसल्या. मग थोड्या मागे सरकल्या. पाठ टेकली, आणि त्या झोपल्या.

हिशेबनीस चेक घेऊन आले आणि हातात तसाच धरून उभे राहिले. साहेब आतून आले. त्यांनी ताईंना उठवायला हात पुढे केला आणि तो मागे घेतला. तेही उभे राहिले. माझी इतक्या माणसांनी इतकी वर्षं वाहवा केली, पण इतकं छान मला कधीच वाटलं नव्हतं. मी जराही हलले नाही.

ताई दचकून जाग्या झाल्या, ओशाळल्या, सही केली आणि चेक घेऊन धावतच गेल्या. कुलूप लागलं नाही. त्यांचे वडील अजून त्याच खोलीत आपल्या हाताने चहा करतात.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण मी पडले चौकस. त्या दुपारी ऑडिटच्या बाई कागद न्यायला परत आल्या, तेव्हा त्यांनी हिशेबनीसांना विचारलं, "ही खुर्ची घेतली त्या वर्षी कुणाला नाही म्हणालात, आठवतं?"

हिशेबनीसांनी हातातले कागद खाली ठेवले. "एक आजोबा होते. टोपी हातात धरून उभे राहायचे. दोन-तीनदा आले, मग यायचे थांबले."

"का थांबले?"

"मी विचारलं नाही. मला वाटलं, त्यांचं भागलं असेल."

बाईंनी त्यांच्या जुन्या पत्त्यावर माणूस पाठवला. तिथे दुसरंच बिऱ्हाड होतं. आजोबा कुठे गेले, ते शेजारच्यांनाही ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, माझे पैसे निधीत परत आले, पण ते आजोबा आले नाहीत. रोज माझ्यावर कुणी ना कुणी टेकतं, आणि मी प्रत्येकाच्या हातात टोपी आहे का ते बघते. तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या तरी वाट्याचं काहीतरी तुमच्या हाती सांभाळायला येईल. ते जपून ठेवा, ज्याचं त्याला पोचवा. आणि रोज येणारं एखादं माणूस यायचं थांबलं, तर त्याचं भागलं असेल असं धरून बसू नका. उठा, आणि त्याच्या दारापर्यंत जाऊन विचारा.