मधोमध रेघ असलेली गोळी

डॉक्टरीणबाई प्रत्येक खेपेला एकच विचारायची, गोळी रोज घेता ना. मी म्हणायची, घेते. यात खोटं काही नव्हतं. अर्धी घेते की पुरी, हे तिनं कधी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगत सुटायची मला सवय नाही.

माझ्या छातीचं दिवाळीपासून बिघडलं. पोतं उसवल्यावर दाणे सांडतात तसे ठोके पडायचे, एकदम भसकन, मग जरा वेळ काहीच नाही. सून पिंकी मला चारठाण्याहून परभणीला घेऊन गेली. मैत्रेयी डॉक्टरीण दिसायला माझ्या नातीएवढी, पण कागदावरचा आलेख पाहून म्हणाली, तुमचे ठोके वेडेवाकडे धावतायत, आवरायला हवेत. कोणाला किती औषध लागतं ते घेऊनच कळतं, पंधरा दिवसांनी या. दोन गोळ्या दिल्या. एक रक्त पातळ करायची, गुळगुळीत. दुसरी ठोक्यांची, पांढरी, मधोमध रेघ असलेली.

छबू माझी धाकटी जाऊ. आमचं अंगण एक, चुली दोन. तिचा मुलगा मुंजाजी बायकोला घेऊन ऊसतोडीला गेलेला, ती घरी एकटीच. गोळ्या पाहून म्हणाली, अक्का, मलाबी उठताना गरगर होतं, ठोका चुकल्यावानी वाटतं. दवाखान्यात चल म्हटलं तर माझा पदर धरून बसली. पोराच्या कानावर गेलं तर तो कोयता टाकून निघून येईल, म्हणे. मग मी गोळीवरची रेघ बघितली. करणाऱ्यानं ती दोघींसाठीच मारलेली दिसली मला. नखानं मोडली आणि अर्धी तिच्या हातावर ठेवली. दोघींचं दुखणं एकच, हे मीच ठरवलं. या घरात ठरवायचं काम चाळीस वर्षं माझ्याकडंच आहे.

पंधरा दिवसांनी माझी धडधड जशीच्या तशी. डॉक्टरिणीनं पंचवीसची गोळी पन्नासची केली. तीही मी मोडली. संक्रांत झाल्यावर पुन्हा तेच, तेव्हा शंभरची दिली आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, हिनं नाही जमलं तर औषधच बदलू. मला भीती वाटायला लागली होती. रात्री कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू यायचे. तरी सकाळी उठून गोळी मोडायचीच. मला जास्त मिळायलंय तर तिलाही जास्त मिळू दे, एवढाच हिशेब.

छबू मात्र सुस्तावत चालली. तूर पाखडता पाखडता सूप मांडीवर ठेवून बसून राहायची. मी एकदा म्हटलं, "सून न्हाई घरी, काम पडत न्हाई, तर लय राणी झालीस गं." ती हसली. हसताना तिचे ओठ मला काळपट दिसले. मी दुसरीकडं बघितलं.

शंभरची सुरू झाल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी ती हौदापाशी कोसळली. हातातली घागर तशीच कलंडून वाहत राहिली. पिंकीनं धावत जाऊन शेजारची जीप आणली. जिंतूरच्या दवाखान्यात नाडी धरली आणि लगेच परभणीला न्या म्हणाले. वाटेत तिचं डोकं माझ्या मांडीवर. मी तिचं मनगट धरलं होतं. एक ठोका लागायचा. मग मी वाट बघायची. रस्त्याकडचं एखादं झाड मागं जायचं, तरी दुसरा लागायचा नाही. लागला की मला श्वास यायचा. माझं स्वतःचं काळीज तेवढ्या वेळात चार उड्या मारायचं. एवढ्या उघड फरकावर मी तीन महिने बोट ठेवलं नव्हतं. पुढं पिंकी डॉक्टरिणीशी फोनवर बोलत होती. तिला आत्ताच सांगावं, असं दहादा ओठांवर आलं. पण रोज उठून जिला मी अक्कल शिकवते तिच्यापुढं काय म्हणून सांगायचं.

दवाखान्यात छबूला तारा लावल्या. पडद्यावर ठोक्यांचा आकडा आला, चौतीस. डॉक्टरीण घाईघाईनं बोलायला लागली. ठोके चालवायचं यंत्र छातीत बसवावं लागेल असं दिसतंय, संभाजीनगरला हलवावं लागेल, वाटेत काही होणार नाही असं मी सांगू शकत नाही. मग विचारलं, यांना कुठलं औषध चालू आहे?

पिंकी म्हणाली, काहीच नाही. तेवढ्यात छबूनं डोळे उघडले, आधी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "काईच न्हाई घेत मी."

बोलायचं त्राण नव्हतं तिला. तेवढं माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.

"घेती," मी म्हटलं. "माजी गोळी घेती. अर्धी. तीन महिने झाले."

डॉक्टरिणीचा हात थांबला. "म्हणजे तुम्हीपण अर्धीच?"

"व्हय."

"आणि रक्त पातळ करायची?"

"ती न्हाई वाटली. तिच्यावर रेघ न्हाई."

डॉक्टरीण खुर्चीवर बसली. म्हणाली, तुमचे ठोके धावतात आणि यांचे मुळातच मंद असणार. तुम्हाला आवरणारं औषध यांना थांबवत होतं. "मी तुमची गोळी वाढवत होते, तेव्हा यांचीपण वाढत होती. औषध दोघींना देत होते आणि तपासत एकीलाच होते."

मला ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, हलवायचं जरा थांबू. औषध अंगातून उतरायला दिवसभर लागेल. ठोके वर आले तर ठीक, नाही आले तर यंत्राशिवाय इलाज नाही. आणि तुमचं, आजी, मला पहिल्यापासून बघावं लागेल. तुम्हाला कोणती गोळी लागू पडते हे अजून मला माहीतच नाही.

बाहेर बाकावर पिंकीनं माझ्या मांडीवरची औषधाची पिशवी उचलली आणि आपल्या खांद्याला लावली.

"आत्याबाई, भाजीत मीठ टाकायचं तर मला तुमाला इचारावं लागतं," ती म्हणाली. "आन हे?"



तिनं मुंजाजीला फोन लावला. मी तिच्या हातातून घेतला. पलीकडं उसाच्या फडातला गलका, ट्रॅक्टरचा आवाज. मी म्हटलं, "मुंजा, तुजी माय दवाखान्यात हाय. माज्यामुळं हाय." आणि गोळीचं सगळं सांगितलं, काही न वगळता.

तो म्हणाला, "मोठे माय, बोलती का ती?"

"बोलती. खोटंबी बोलती, माज्यासाठी."

"निघतो," म्हणाला आणि फोन ठेवला.

दाराच्या काचेतून पडद्यावरचा आकडा दिसत होता. मी तिथंच उभी राहिले. छत्तीस झाला. अडतीस झाला तेव्हा पिंकी म्हणाली, आता तरी बसा, तुमचं तुमालाच झेपंना. मी बसले नाही. परत सदतीस झाला.