तोंडातला धूर

रहाटणीच्या भजनी मंडळात चिलीम पेटली की पहिला दम वस्तादाचा, हा रिवाज. कोंडाजी वस्ताद चिलमीला ओलं फडकं गुंडाळायचे, ती कपाळाला लावायचे, भैरोबाचं नाव घ्यायचे आणि असा काही धूर सोडायचे की नवख्याने तोंडात बोट घालावं.

गंमत अशी, की त्यातला कणभर धूरही त्यांच्या छातीत उतरत नसे. त्यांचे वडील गांजा ओढून ओढून शेवटी खोकतच गेले होते आणि आईने कोंडाजींना गांजा न ओढण्याची शपथ घातली होती. शपथ मोडवत नव्हती, मंडळातला मानही सोडवत नव्हता. मग वस्तादांनी मधली वाट काढली. धूर तोंडातच घोळवायचा आणि ऐटीत सोडून द्यायचा. तीस वर्षांत कुणाला पत्ता लागला नव्हता.

मालोजीला तरी कुठून लागणार? गळ्याने गोड, मनाने भाबडा गडी. सात वर्षांपूर्वी वस्तादांनीच त्याच्या हातात चिलीम दिली होती. "दम मार, गळा मोकळा हुतो," म्हणाले होते. मालोजी पार छातीच्या तळापर्यंत ओढायचा आणि डोळे लाल होईस्तोवर कोंडून ठेवायचा. मंडळी वाहवा करायची आणि शिष्य असा तयार केला म्हणून वस्ताद मिशीवरून हात फिरवायचे.

छप्पन साली मालोजी पिंपरीला एका कारखान्याच्या बांधकामावर विटा वाहत होता. शिडीच्या चौथ्या पायरीवर त्याला धाप लागू लागली. रोज सकाळी खोकून खोकून काळपट बेडके पडत. भजनात ओळ अर्ध्यावर तुटायची. त्याची बायको अंबूबाई वस्तादांच्या पाया पडली, तेव्हा त्यांनी गाडी जुंपली आणि दोघांना चिंचवडच्या डॉक्टरांकडे नेलं.

"क्षय दिसत नाही," छातीचा फोटो उजेडात धरून डॉक्टर म्हणाले. "बिड्या किती ओढता?"

"बिडीला शिवत न्हाई, सायेब."

मालोजी खोटं बोलत नव्हता. गांजा म्हणजे भैरोबाचा परसाद, त्याला बिडीत कोण धरतं? वस्तादांना सगळं कळत होतं, पण ते भिंतीकडे बघत राहिले. शेवटी अंबूबाईनेच पदर सावरून सांगून टाकलं.

"आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "त्या धुराने श्वासाच्या नळ्या सुजल्यात. थांबलात तर खोकला उतरेल. नाही थांबलात तर विटा सोडा, पाण्याची घागर उचलवणार नाही."

मालोजी हसला. "सायेब, ह्ये आमचं वस्ताद तीस वर्सं वढत्यात. त्यांची छाती बगा की."

डॉक्टरांनी खरंच कोंडाजींच्या छातीला नळी लावली. पुढून ऐकलं, मागून ऐकलं.

"नवल आहे. अगदी स्वच्छ."

"बगितलंस?" मालोजी बायकोला म्हणाला. "गांजानं कायबी हुत न्हाई."

परतताना वस्तादांनी कासरा धरला होता, पण बैल आपल्या मनाने चालत होते. आपली धडधाकट छातीच या पोराचा जीव घेणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. सांगावं तर तीस वर्षांचा मान एका क्षणात मातीत. पोराच्या जिवापुढे आपण मान मोजतोय, याचीच त्यांना शिसारी आली, तरी तोंड उघडलं नाही.

शनिवारी दिवेलागणीला मंडळ जमलं. अंबूबाई दाराबाहेर बसली होती. चिलीम फिरत मालोजीपाशी आली. त्याने ती ओठाला लावली आणि वस्तादांनी हिसकावून घेतली.

"मी वढत न्हाई," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "कंदीच वढली न्हाई. धूर तोंडात ठिवतो आन् सोडतो. माजा बाप ह्यानंच गेला. मला ठावं व्हतं."

मालोजी त्यांच्याकडे वळला.

"मला ताल शिकवलासा, सूर शिकवलासा," तो हळू म्हणाला. "तोंडात ठिवायचं तेवढं का न्हाई शिकवलं?"

"तुजी वाहवा झाली की मला ती माजीच वाटायची, पोरा."

मालोजीला खोकल्याची उबळ आली. वस्तादांनी नेहमीसारखा त्याच्या पाठीवर हात ठेवला. मालोजीने खोकतखोकतच तो बाजूला केला आणि उठून घरी जायला अंबूबाईला हाक मारली.