खिडकीतल्या सात मेणबत्त्या

तीस वर्षं अग्निशमन केंद्राचे फोन घेऊन आई निवृत्त झाली, पण आग तिने स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. ऐकली मात्र भरपूर. त्यामुळे सणासुदीला कुणी काडी ओढली की तिच्या जिभेला खाज सुटे. गेल्या वर्षी लेकीच्या घरी, भर जेवणात, पडद्यापासून मेणबत्ती किती लांब हवी यावर तिने असं काही व्याख्यान झोडलं की विहीणबाईंच्या घशात घासच अडकला. लेकीने तेव्हाच बजावलं, "यंदाचं सोडते. पण पुढच्या खेपेला आगीचं एक अक्षर काढलंस ना, तर परत सणाला बोलावणार नाही."

लेक एकुलती एक. आई यंदा तोंडाला कुलूप लावून आली.

आणि पाहते तर काय! खिडकीच्या कट्ट्यावर वाळक्या पानांची माळ, माळेत सात मेणबत्त्या, वर झुळझुळीत पडदा. जावयाने हौसेने केलेली आरास. कुणाचं लक्ष नाही असं बघून आईने पडदा गुंडाळून वर खोचला. तेवढ्यात जेवायची हाक आली आणि सगळे आतल्या खोलीत निघाले.

"आणि मेणबत्त्या?" तिच्या तोंडून निसटलंच.

"राहू दे गं, दोन मिनिटांत येतोच परत." लेकीने डोळे वटारले.

दोन मिनिटं! फोनवर रडणारं प्रत्येक माणूस हेच सांगायचं, दोन मिनिटंच तर आत गेलो होतो हो! तिला घास उतरला नसता. "माझा गुडघा धरलाय, तुम्ही बसा," अशी थाप मारून ती पाण्याचा जग आणि ओला टॉवेल घेऊन खिडकीशी बसली.

"आमच्याबरोबर जेवायचं वावडं दिसतंय," आतून विहीणबाईंचा टोमणा आला. आईने तो गिळला.

इतक्यात तिसरी मेणबत्ती कलली. एक पान चुरचुरलं आणि बघता बघता माळेने पेट घेतला. आई जग धरून नुसती बघतच राहिली. फोनवर शूर असणं निराळं! मग तिच्याच घशातून तिचा नोकरीतला आवाज निघाला, खणखणीत.

"बाई, घाबरू नका! टॉवेल टाका. दाबून धरा. आता पाणी ओता."

आणि बाईंनी, म्हणजे तिनेच, मुकाट ऐकलं. उरलेल्या मेणबत्त्याही विझवल्या.

"घरातली माणसं?" त्याच आवाजाने विचारलं.

"सगळी सुखरूप!" तिनेच उत्तर दिलं आणि तिला हसू फुटलं. जिंकले मी, तिला वाटलं.

सगळे धावत आले. कट्टा काळा, टॉवेल काळा, पडद्याला डागही नाही. जावई खाली मान घालून उभा राहिला. विहीणबाईंनी आईचे दोन्ही हात धरले आणि भाजलं तर नाही ना, म्हणून उलटसुलट करून पाहिले.

लेकीने डोळे पुसले, आईला हाताला धरून आत नेलं आणि टेबलाच्या मधल्या खुर्चीत बसवलं. "आई, बोल आता. काय काय सांभाळायचं ते सगळं सांग. सगळ्यांसमोर सांग."

आईने घसा खाकरला. जेवण पार गार झालं, पण उठायची एकाचीही छाती झाली नाही, आणि सगळ्यात जास्त प्रश्न विहीणबाईंनी विचारले.