ओठातली टाचणी

"आ कर." नवऱ्याने बॅटरीचा झोत तोंडात टाकला. "नाहीये गं टाचणी."

"आहे हो. डाव्या कोपऱ्यात. टोचतेय."

"मग गिळलीस."

"गिळली असती तर ओठात कशी टोचेल? डोकं चालवा जरा."

शिवणाऱ्या बाईंनी जन्मभर टाचण्या ओठांत धरल्या होत्या. मनगटावर बांधायची टाचण्यांची गादी शिकाऊ मुलींसाठी असते, असं त्यांचं मत. कपड्यातून काढलेल्या टाचण्या ओठांत परत आल्या, की ओठच सांगायचे, झाल्या सगळ्या. मग त्या डबीत जायच्या.

या सवयीने ओठांभोवती चुण्या पडल्या. "आई, तुझं तोंड नाडी ओढलेल्या पिशवीसारखं दिसतं," असं लेकीने फोटो पाहून प्रेमाने सांगितलं, आणि बाई सुरकुत्यांची इंजेक्शनं घेऊन आल्या. चुण्या गेल्या, मुंग्या आल्या.

"येतात कुणाकुणाला. जातील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कधी?"

"दोन-चार दिवस इकडेतिकडे."

हे उत्तर बाई स्वतः गिऱ्हाइकांना देत, त्यामुळे त्यांचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही.

आता डबीत एक टाचणी कमी होती. ओठ म्हणत होता, माझ्याकडे आहे. आरसा म्हणत होता, नाही. बाईंनी आधी आरशावर संशय घेतला, मग नवऱ्याच्या चष्म्यावर. ओठावर घ्यायची वेळ आली तेव्हा त्या ताडकन उठल्या.

"अहो, सकाळी वर दिलेला फ्रॉक!"

वरच्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडलं. आत नात टाहो फोडत होती.

"आत्ताच घातला बघा नवा फ्रॉक. तेव्हापासून रडतेय."

बाईंनी चपला न काढताच पोरीला उचललं आणि फ्रॉक उतरवला. घेराच्या दुमडीवरून बोटं फिरवली. मागच्या बाजूला बोट अडलं. टाचणी होती. पोरीच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तिला नुसती भूक लागली होती.

"काय शोधताय एवढं?"

थापा मारता आल्या असत्या. "टाचणी राहिली होती. माझी."

"तुमची?" आजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. बाई पुढच्या वाक्याची वाट बघत उभ्या होत्या. "काहीतरी बदल आहे हं. तरुण दिसताय!"

जिन्यात बाईंचा हात सवयीने ओठांकडे गेला. टाचणी तिथे अगोदरच टोचत होती. हातातली त्यांनी बाहीत खोचली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने त्यांच्या मनगटावर गादी बांधली.

"घट्ट होतेय का?"

"थोडी सैल करा," बाई म्हणाल्या. "इथलं कळतंय मला."