नटाला पक्कड लावायची नाही

आमच्या घरात देवाला न विचारता एखादं काम होईल, पण ह्यांच्या पान्यांच्या पेटीला न विचारता होत नाही. हे म्हणजे माझे यजमान, हेमचंद्र. जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा सेक्शनमधल्या लोकांनी त्यांना नाव कोरलेला पान्यांचा संच दिला, आठ एमएमपासून बत्तीसपर्यंत. तो कपाटात वरच्या खणात राहतो आणि माझ्या लग्नातली चांदीची ताटं खालच्या खणात. ह्यावरून काय ते समजा.

ह्यांचा एक कायदा आहे: नटाला पक्कड लावायची नाही. नटाला त्याच्या मापाचा पानाच लागतो, पक्कड म्हणजे आळशाचं हत्यार. सेक्शनमध्ये कोणी नटाला पक्कड लावताना सापडला की त्याने सगळ्यांना खोव्याची जलेबी खाऊ घालायची, अशी रीतच होती. ह्यांनी ती शेकडो वेळा खाल्ली, खाऊ एकदाही घातली नाही. हे सगळं ह्यांनी मला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात सांगायला सुरुवात केली, ती अडतीस वर्षांत थांबलेली नाही.

आता त्या मंगळवारची गोष्ट. आमची सून प्रणाली हिने यंदाच्या थंडीत मटार सोलून विकायचा धंदा काढला. मुलगा अंबरीश रेल्वेत, त्याची ड्यूटी इटारसीला, म्हणजे जे काही करायचं ते हिनेच. पनागरहून मटार सोलायचं एक जुनं मशीन आणून मागच्या अंगणात बसवलं. मोटर, पट्टा आणि दोन रबरी रोलर, त्यांच्यामधून शेंग गेली की दाणे एकीकडे, सालं दुसरीकडे. महिनाभर शेजारपाजारच्या किरकोळ ऑर्डरी केल्या. मग लग्नांचं जेवण करणारे अनुपम जी म्हणाले, मंगळवारी चार वाजता आठ पोत्यांचे दाणे द्या, माल आवडला तर सगळ्या सीझनचं काम तुमचं. पोरगी दोन रात्री नीट झोपली नव्हती.

सकाळी सहाला पोती आली. सातला मशीन सुरू केलं आणि अर्ध्या पोत्यात एका रोलरचं रबर फाटून लोंबायला लागलं. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, नवा रोलर तिने आधीच आणून ठेवलेला. रोलर दोन बाजूंना दोन नटांनी आवळलेला असतो, दोन्ही नट काढायचे की झालं. हे आनंदाने उठले, वरच्या खणातला संच काढला, शर्टाच्या बाह्या सरसावल्या. माझा माणूस मला त्या वेळी फार आवडतो, हे कबूल करते.

डावीकडचा नट सहज सुटला. उजवीकडचा गंजला होता. ह्यांनी रॉकेल सोडलं, हातोडीने चार टोले मारले, पाना लावला आणि पान्याच्या दांड्यावर जोरासाठी लोखंडी पाईप चढवला. प्रणाली म्हणाली, बाबा, पाना थोडा हलून राहिला. हे म्हणाले, हलू दे. मग पाईपवर सगळं वजन टाकलं, पाना घसरला, ह्यांची बोटं पट्ट्यावरच्या लोखंडी गार्डवर आपटली, आणि नटाचे सहा कोपरे जाऊन तो सुपारीसारखा गोल झाला. आता त्याला कुठलाच पाना धरेना.

छिन्नीने तोडावा तर तो ज्यावर बसतो त्या शाफ्टचे आटे जातील आणि मशीन भंगारात. नऊ वाजले होते. मटाराची पोती उन्हात नसली तरी आतून तापतात. मी एका पोत्यात कोपरापर्यंत हात घातला तर आत ऊब लागत होती. संध्याकाळपर्यंत वास सुटला असता.

“बाबा,” प्रणाली हळूच म्हणाली, “लॉकवाली पक्कड आणू का मी? ती कचकन धरून ठेवते, हात सोडला तरी सुटत नाही.”

“ह्या घरात नटाला पक्कड लागणार नाही.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते उगीच नाही. मी म्हटलं, मग त्या नटाची पूजा करा, आणि प्रणालीच्या स्कूटरवर मागे बसले. तिने डावीकडचा सुटलेला नट नमुन्याला घेतला आणि जाता जाता स्वयंपाकघरातलं माझं लाटणं मशीनपाशी धरून पाहिलं आणि पिशवीत टाकलं. मला वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

अधारतालच्या मेन रोडवर आलोक भैयाचं हार्डवेअरचं दुकान नुकतंच उघडत होतं. शटर अर्ध्यावर असतानाच आम्ही वाकून आत शिरलो. प्रणालीने काउंटरवर आधी नट ठेवला, मग लाटणं ठेवलं आणि सांगितलं की नटाच्या बाजूला ह्या लाटण्याएवढी मोकळी जागा आहे, तेवढ्यात दांडा फिरला पाहिजे. आलोक भैया हसला नाही, उलट कौतुकाने मान हलवली. म्हणाला, लोक नुसतं ‘बडा वाला दे दो’ म्हणतात आणि मग दांडा भिंतीला अडतो म्हणून परत घेऊन येतात. लाटण्याला लावून दहा इंची बसेल असं त्याने ठरवलं.

मग त्याने तीन पकडी मांडल्या. एक सरळ तोंडाची, एक लांब चोचीची, एक आत वळलेल्या गोल तोंडाची.

“दीदी, सीधा मुँह लोहे की पत्ती पकड़ने का है, और चोंच वाला तंग जगह का,” तो म्हणाला. “घिसे नट पर गोल मुँह ही चलेगा, वो चारों तरफ़ से दाँत गड़ाता है.”

गोल तोंडाच्या तशा तीन निघाल्या. प्रणालीने एकेकीचा जबडा मिटवून दाराच्या उजेडासमोर धरला. पहिलीचे दात एका बाजूने टेकत होते, दुसऱ्या बाजूने उजेड दिसत होता, ती बाद. दुसरीने नमुन्याचा नट घट्ट धरला, पण सोडवायची कळ इतकी कडक की दोन्ही हातांनी दाबावी लागली, ती पण बाद. तिसरीच्या दांड्यामागचा स्क्रू तिने फिरवत फिरवत नटाच्या मापावर आणला, दांडे दाबले, आणि कट्ट असा आवाज आला. मग हात सोडला. पक्कड नटाला धरून तशीच राहिली. तिने ती हवेत झटकली, काउंटरवर आपटली, नट जागचा हलला नाही. एका बोटाने कळ दाबली आणि नट टपकन हातात पडला. मी आयुष्यात कधी पक्कड विकत घेतली नव्हती, पण त्या क्षणी मला टाळी वाजवावीशी वाटली.

असाच एक नवा नट द्या, असं ती म्हणाली. आलोक भैयाने नमुना बोटांत फिरवला.

“ये तीन सूत का है, इंची,” तो म्हणाला. “इस पर एमएम का पाना मत लगाना. चौदह चढ़ता नहीं, तो लोग पंद्रह लगाकर जोर मारते हैं और नट गोल कर देते हैं.”

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ह्यांच्या हातात सकाळी पंधराचा पाना होता, नाव कोरलेला. म्हणजे जुन्या मशीनचा नट इंची मापाचा, आणि आमच्या कायदेपंडितांनी त्याला आपल्या लाडक्या संचातला पाना घातला. पानाच लावायचा, हा कायदा पाळला. कुठला लावायचा ते मापायचं राहून गेलं. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. अडतीस वर्षांच्या जलेब्यांचा हिशेब घरी गेल्या गेल्या चुकता करायचा, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

स्कूटर सुरू करायच्या आधी प्रणाली वळली.

“आई, बाबांना हे सांगू नका.”

“काहून?”

“त्यांनी माझ्यासाठीच जोर लावला न. बोटं किती सुजली त्यांची. मशीन जुनं होतं, इतकंच म्हणू.”

मी तोंड मिटलं. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत.

घरी आलो तर अंगणात हे पोत्यासमोर पाटावर बसलेले. सुजलेल्या बोटांनी हाताने शेंगा सोलत होते. समोर परातीत दोन-अडीच किलो दाणे असतील. साडेसात पोती सोलायची होती आणि हा माणूस एकेक शेंग फोडत बसला होता. मान वर केली नाही. माझा सगळा राग तिथल्या तिथे विरून गेला.

प्रणाली सरळ मशीनपाशी गेली. स्क्रू मापावर आणला, गोल झालेल्या नटाला पक्कड लावली, दांडे दाबले, कट्ट झालं. तिने ओढलं. पक्कड खर्रकन घसरली आणि नटावरून लोखंडाचा चुरा खाली पडला. तिने पुन्हा लावली, पुन्हा घसरली. अजून दोनदा घसरली असती तर धरायला काही उरलंच नसतं.

मागून परातीचा आवाज झाला. हे उठले होते.

“थांब,” हे म्हणाले. “टोकाने धरून राहिली तू. जबडा नटाच्या मुळाशी भिडव. आणि स्क्रू पाव फेरा अजून आत घे, दांडे सहज मिटले तर पकड ढिली समज.”

“बाबा, तुम्हीच लावा न.”

“नाही. माझा हात नको आता त्याला. तू लाव.”

तिने स्क्रू आत घेतला. आता दांडे मिटेनात. तिने दोन्ही हातांनी दाबलं, मी माझे हात तिच्या हातांवर ठेवून दाबलं, तेव्हा कुठे कट्ट झालं, आणि या वेळचा आवाज वेगळाच होता, भरीव. हे खाली वाकून बघत म्हणाले, झटका नाही द्यायचा, जोर जबड्यात शिरेल अशा बाजूने ओढ, सारखा जोर ठेव. ती ओढत राहिली. काही होईना. तिच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. मग कुठेतरी आत बारीकसं कुरकुरलं.

“सोडू नको,” हे म्हणाले.

आणि तो मेला नट मोठ्याने किंचाळून फिरला. पाव फेरा, मग अर्धा, मग हाताने. प्रणाली रडत होती की हसत होती ते तिचं तिलाही कळत नसावं. तिने आधी मला मिठी मारली आणि मग भीतभीत ह्यांच्या पाया पडली.

नवा रोलर चढवला. नवा नट ह्यांनी हातात घेतला, फिरवून पाहिला, शाफ्टवर दोन फेरे चढवला आणि सवयीने पंधराचा पाना त्याला लावला. पाना डगडग हलला. ह्यांचा हात तिथेच थांबला. मी श्वास रोखून बघत होते. ह्यांनी पाना काढून फडक्यात गुंडाळला, प्रणालीकडे मशीनसोबत आलेला स्क्रूपाना मागितला, त्याचं तोंड नटाच्या मापाला आणलं आणि नट आवळला.

साडेअकराला मशीन सुरू झालं. मी शेंगा ओतत होते, प्रणाली दाणे चाळत होती, हे सालं ओढून बाजूला करत होते. जेवणाची कोणाला आठवण नव्हती. सातव्या पोत्यातले दाणे हाताला कोमट लागले, पण हिरवेगार होते, वास गोड होता. चार वाजता अनुपम जींची गाडी दारात लागली तेव्हा शेवटचं पोतं अर्धं बाकी होतं.

अनुपम जींनी दाणे चाखले, माल पसंत असल्याचं सांगितलं. पण अंगणात पडलेला फाटका रोलर, तो गोल झालेला नट, रॉकेलचे डाग हे सगळं त्यांना दिसलं. ते मशीनभोवती एक फेरी मारून आले आणि प्रणालीला म्हणाले की आजचं झालं, पण रोजच्या कामाचं त्यांना दुसरीकडे बघावं लागेल. चारशे माणसांची पंगत बसलेली असताना हे जुनं मशीन पुन्हा अडलं तर ते कोणाला तोंड दाखवणार? मग ह्यांच्याकडे वळले. फिटर म्हणून ह्यांचं नाव त्यांच्या कानावर होतं.

“बाबू जी, आप तो कारखाने के आदमी हैं. आप ही बताइए, इस मशीन का भरोसा है?”

प्रणाली खाली बघत उभी होती. मशीन जुनं होतं, असं म्हणायचं तिचं ठरलेलं. तेच एक वाक्य आता तिचा धंदा बुडवायला पुरेसं होतं, आणि बाबांची चूक उघड केल्याशिवाय ती ते खोडू शकत नव्हती.

हे फडक्याला हात पुसत पुढे आले.

“मशीन ठीक है. रोलर घिसा था, वो तो घिसता ही है, बीस मिनट का काम था,” हे म्हणाले. “नट मैंने खराब किया. इंची नट पर एमएम का पाना चढ़ा दिया, नापा नहीं. चार घंटे मेरी ग़लती से गए. बहू ने सही औज़ार लाकर निकाला, वरना आज आपका माल यहीं सड़ जाता.”

अनुपम जींनी एकदा ह्यांच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. मग ह्यांना काही न विचारता प्रणालीला विचारलं, “कल गाड़ी कितने बजे भेजूँ?”

ती तीन म्हणाली. आवाज अगदी बारीक निघाला म्हणून बोटांनीही तीन दाखवले.

गाडी गेली. प्रणाली उरलेलं अर्धं पोतं ओतायला लागली, हे सालं ओढायला लागले. मी चहा टाकायला आत आले आणि ओट्यापाशी उभी राहून पदराने डोळे पुसले. अडतीस वर्षं ह्या घरात ‘चूक माझी’ हे शब्द ऐकायला मी कान लावून बसले होते. आले ते हिंदीत, परक्या माणसासमोर आणि सुनेसाठी. मला अभिमान वाटला, खरंच वाटला, आणि थोडा हेवाही वाटला.