बारवरून गेलेला चेंडू

आमच्या ह्यांना फुटबॉल कळतो. पुण्यात मेडिकलला असताना ते कॉलेजच्या टीममध्ये होते, आणि हे सांगायची एकही संधी त्यांनी लंडनच्या इल्फर्डमध्ये कधी सोडली नाही. त्यामुळे आमचा विनय आयरिश पोरांबरोबर गेलिक फुटबॉल खेळतो, हे त्यांच्या काही केल्या पचनी पडेना. चेंडू हातात घेऊन पळायचं, धक्काबुक्की करायची, हा कसला फुटबॉल? त्यात पोराचं मेडिकलचं तिसरं वर्ष. शेवटी एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात ह्यांनी निकाल दिला. फायनल बघायला येतो. पोरात दम दिसला तर ठीक, नाहीतर बूट माळ्यावर. विनय हो म्हणाला, पण त्या आठवड्यात पोरगं धड जेवलं नाही.

रायस्लिपच्या मैदानावर पोचल्यावर मी ह्यांना नियम सांगायला घेतले. मला ते हॉस्पिटलात माझ्या वॉर्डमधल्या सिस्टर नोरीननं शिकवले होते. तिच्याबरोबर मी गुपचूप सामने बघत असे. ह्या खेळात गोलचे खांब आडव्या बारच्याही वर उंच गेलेले असतात. बारखालून चेंडू जाळ्यात गेला की तीन पॉइंट, बारवरून खांबांच्या मधून गेला की एक. पण माझं पहिलं वाक्य संपायच्या आत हे म्हणाले, "मला फुटबॉल शिकवू नकोस."

बरं, म्हटलं. शेजारी येऊन बसलेल्या नोरीनलाही गप्प बसायची खूण केली आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला.

विनयनं पहिलाच चेंडू बारवरून मारला. खांबाजवळच्या पंचानं पांढरा झेंडा फडकवला, लोक ओरडले. बाहेर गेला, असं हे पुटपुटले. थोड्या वेळानं पुन्हा बारवरून, पुन्हा पांढरा झेंडा. ह्यांनी कपाळाला हात लावला. लोक मात्र भले आहेत म्हणाले, चुकलं तरी टाळ्या वाजवतात. माझा चहा नाकात गेला.

उत्तरार्धात मात्र ह्यांची नजर विनयवरून हलेना. विनय पडत होता, उठत होता, गुडघा सोलला होता, आणि तरी हसत हसत पुन्हा चेंडूमागे धावत होता. गुणांच्या बोर्डाकडे ह्यांनी एकदाही पाहिलं नाही. जन्मभर पहिला नंबर आणणारा आपला मुलगा चारचौघांत हरतोय, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग मलाही हसू येईना. सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं, पण नाही सांगितलं.

शेवटी बरोबरी झाली. विनयनं लांबून एक मारला, बारवरून, आणि शिट्टी वाजली. सगळी टीम त्याच्या अंगावर कोसळली. त्याचं सांत्वन चाललंय असं समजून हेही धावले आणि इस्त्रीच्या ब्लेझरनिशी त्यांनी त्या चिखलानं भरलेल्या पोराला छातीशी धरलं.

"होतं असं, बाळा. सोडू नकोस. पुढच्या मॅचला मी येईन."

विनयनं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. मी ओठांवर बोट ठेवलं.

"माझ्या सगळ्या मॅचेसला, बाबा? प्रॉमिस?"

"प्रॉमिस," हे म्हणाले.

मग लोकांनी विनयला खांद्यावर घेतलं, त्याच्या हातात कप दिला, आणि आमच्या फुटबॉलपटूंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. नोरीन पोट धरधरून हसली. परतताना गाडी नॉर्थ सर्क्युलर रस्त्याला लागल्यावर ह्यांनी विचारलं,

"तू का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याची पाठ थोपटली असतीत," मी म्हटलं. "जवळ घेतलं नसतंत."

मागच्या सीटवर विनय कप कुशीत घेऊन झोपला होता. त्याची झोप मोडू नये म्हणून हे गाडी अगदी हळू चालवत होते.